खोडरबराचा शनिवार

शनिवारी संध्याकाळी वाचनालय बंद झालं, तेव्हा थॉर्नशॉमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांना आपण आजवर काय काय वाचलंय याचा पत्ता उरला नव्हता. रविवारी सकाळी चॅपलमधली गीतं संपायच्या आत ही बातमी गावभर झाली. दुपारी डोरीन थ्रेलफॉलच्या घरी मंडळी जेवायला जमेपर्यंत तर असं ठरूनही गेलं होतं की हे सगळं डोरीनच्या सुनेने मुद्दाम केलं.

मुद्दाम नव्हतं केलं. बेव्हर्लीने आयुष्यात वाईट असं काही मुद्दाम केलेलं नाही. तिच्या हातून जे काही होतं ते चांगलं करायच्या नादात होतं, आणि अशा माणसांना आवरणं जास्त कठीण असतं.

सिरिल, म्हणजे डोरीनचा धाकटा दीर, सगळ्यांच्या आधी आला. तो नेहमीच सगळ्यांच्या आधी येतो, कारण ओव्हनजवळची खुर्ची त्याला हवी असते. आज त्याच्या काखेत एक जाडजूड काउबॉयचं पुस्तक होतं. ते त्याने टेबलावर आपटलं.

"शेरिफ मरेपर्यंत वाचलं," तो म्हणाला. "मेला, तेव्हा लक्षात आलं की हा मागेही एकदा मेला होता."

"मग पुढे वाच," डोरीन बटाट्यांवर चरबी ओतत म्हणाली. "या खेपेला शेवटी काहीतरी वेगळं होईल."

"थट्टा नाही, डोरीन. कपाटं धुतल्यासारखी झाली आहेत. माझा एक त्रिकोण कुठे राहिलेला नाही. मी काय, पहिल्यापासून सुरुवात करू? या वयात?"

आमच्या थॉर्नशॉत वाचनालयाच्या पुस्तकांबाबत कोणी स्वतःच्या स्मरणशक्तीवर विसंबत नाही. पुस्तक वाचून झालं की परत करण्याआधी आपल्या घराच्या नंबराचं पान काढायचं आणि खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करायची. पुढे कधी तेच पुस्तक हाती आलं की आधी ते पान बघायचं. खूण दिसली की पुस्तक मुकाट्याने जागेवर ठेवायचं. सिरिलची खूण त्रिकोण. मिसेस पिकर्सगिलची किटली, तीही तोटीसकट. दारावर 'पुस्तकात लिहू नये' अशी पाटी आहे आणि ती सगळ्यांना मान्य आहे. खूण करणं म्हणजे लिहिणं नव्हे, एवढं सगळ्यांना कळतं, म्हणून त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढत नाही.

बेव्हर्लीला कळायचं काही कारण नव्हतं. ती लग्न होऊन इथे आली त्याला आता मुलगी कॉलेजात जाण्याइतका काळ लोटला, पण ती पुस्तकं गाडीत ऐकते. शनिवारी स्वयंसेवकांचा चाचणीचा दिवस होता. काउंटीने, म्हणजे वाचनालयाचा खर्च करणाऱ्या जिल्हा कचेरीने, सांगितलं होतं, एक दिवस वाचनालय गावकऱ्यांनी चालवून दाखवावं. बेव्हर्ली चार मैत्रिणींना घेऊन गेली. गिऱ्हाईक फारसं नव्हतं. एका मोठ्या अक्षरांच्या कादंबरीत तिला कोपऱ्यात एक किटली दिसली. मग दुसऱ्या पुस्तकात दिसली. मग कुठे फूल, कुठे फुली, कुठे मांजर. तिला वाटलं, शाळकरी पोरांचे उद्योग. पाच बायकांनी चहा पीत, गप्पा मारत, दुपारभर कपाटामागून कपाट खोडरबराने स्वच्छ केलं, आणि घरी जाताना आपण काहीतरी सत्कार्य केलं असं त्यांना वाटत होतं.

*

लिनेट आली ती गालांवर लाली घेऊन. डोरीनने तिच्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि विचारलं, "ताप आहे का तुला?"

"नाही गं आई. छान वाटतंय."

"तेच म्हटलं, काहीतरी बिनसलंय."

लिनेट डोरीनची थोरली मुलगी. नवरा सोडून गेला त्या वर्षी तिला वाचनालयात नोकरी लागली आणि ती तिथेच मुरली. वसंतात काउंटीचं पत्रक आलं, तेव्हापासून तिच्या चेहऱ्यावर रंग असा दिसला नव्हता. काउंटीचं म्हणणं साधं होतं: पगारी माणूस परवडत नाही, गावकऱ्यांनी फुकट चालवायला घ्या, नाहीतर आम्ही कुलूप लावू. मुदत उद्याच्या सोमवारपर्यंत.

लिनेटची सगळी भिस्त हॅसलबीवर होती. डोंगरापलीकडच्या त्या गावात लोक अडून बसले होते. एकानेही नाव दिलं नाही. काउंटी थोडी गुरगुरली आणि मग गुपचूप पगारी बाई ठेवून मोकळी झाली. थॉर्नशॉनेही असंच अडून बसावं एवढंच तिला हवं होतं, आणि आजवर गाव अडलं होतं ते एकट्या डोरीनमुळे. चॅपलमधल्या चहाच्या पाळ्या, फुलांच्या पाळ्या, आजाऱ्याघरी सूप पोचवायच्या पाळ्या, सगळं इतकी वर्षं डोरीनने लावलं. गावातल्या म्हाताऱ्या तिच्या तोंडाकडे बघून चालतात. आणि डोरीनने कसायाच्या दुकानात, भर रांगेत, मोठ्याने सांगितलं होतं, "माझ्या मुलीच्या खुर्चीत मी फुकट बसायची नाही." त्या दिवसानंतर बेव्हर्लीच्या चार मैत्रिणींपलीकडे कोणी नाव दिलं नव्हतं.

आणि आता हे खोडरबर. लिनेटच्या घरचा फोन सकाळपासून थांबला नव्हता. मिसेस पिकर्सगिल फोनवर रडली होती. चॅपलच्या पायऱ्यांवर लोक म्हणत होते, बघा, हौशी माणसांच्या हातात दिलं की काय होतं. तीन महिने लिनेट जे ओरडून सांगत होती ते गावाला एका दुपारात पटलं होतं. तिने बशा मांडल्या, काटे-सुऱ्या सरळ रेषेत लावल्या आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणलीसुद्धा.

*

डोरीनचा मुलगा रसेल आणि बेव्हर्ली आले तेव्हा मांस ओव्हनमधून बाहेर निघालं होतं. बेव्हर्लीने जेवणानंतर गोड म्हणून आणलेला सफरचंदाचा क्रम्बल ओट्यावर ठेवला आणि कोणी काही बोलायच्या आत म्हणाली, "मला माहीत आहे. मला सगळं माहीत आहे. मी दार उघडलं तर पायरीवर किटली होती."

"कसली किटली?" डोरीनने विचारलं.

"खरी किटली. फुटकी. मिसेस पिकर्सगिलने आणून ठेवली."

सिरिलने मान डोलावली. "त्या बाईत अजून दम आहे."

सगळे बसले. रसेल मांस कापायला लागला. हे काम पूर्वी त्याचा बाप करायचा. नॉर्मन जाऊन दुसरा हिवाळा उलटला होता, तरी सुरी हातात घेताना रसेल अजून जरा चोरट्यासारखा घेतो. तो गावच्या कौन्सिलवर आहे, आणि स्वयंसेवकांची कल्पना कौन्सिलमध्ये त्यानेच उचलून धरली होती. बहिणीने त्यानंतर त्याच्या वाढदिवसाला कार्ड पाठवलं होतं, पण आत सहीखेरीज काही नव्हतं.

"पोरांनी काढलंय असं वाटलं मला," बेव्हर्ली म्हणाली. "मांजर होतं एका ठिकाणी. मिश्यांसकट. मोठी माणसं पुस्तकात मांजर काढतात हे मला कोणी सांगितलं होतं का?"

"विचारलं होतंस का?" लिनेट म्हणाली.

"काय विचारणार? मांजर कोणाचं आहे?"

"खुणा राहू दे," सिरिल म्हणाला. "पुढचं बोला. उद्या मी मूळव्याधीवरचं पुस्तक न्यायला गेलो आणि टेबलामागे बेव्हर्लीची ती मैत्रीण, ऑड्री क्लेग, बसलेली असली, तर? ऑड्रीला कळलं म्हणजे बसमध्ये कळलं."

"ऑड्री तशी नाही," बेव्हर्ली म्हणाली, पण तिलाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

"लिनेटने आजवर कोणाचं काही बाहेर काढलं का? नाही. म्हणून तर मला मूळव्याध आहे हे गावात कोणाला ठाऊक नाही."

"आता आहे," डोरीन म्हणाली. "कोबी घे."

लिनेटला हसू आलं. ती पुढे सरसावली. "मूळव्याध तरी ठीक आहे, काका. माझ्याकडे लोक सरकारी मदतीचे अर्ज भरायला येतात. नोकरी गेली, नवरा मारतो, घरमालक बाहेर काढतोय, सगळं मला सांगावं लागतं त्यांना, कारण कॉम्प्युटर तसं विचारतो. ते शेजारच्या बाईला सांगणार? जिला रोज दुधाच्या दुकानात तोंड दाखवायचंय तिला? आणि तिघी एकदम सर्दीने आडव्या झाल्या की काय करायचं? लायब्ररीला सर्दी झाली म्हणून पाटी लावायची?"

"तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे," रसेल म्हणाला.

लिनेट थबकली. भाऊ आपल्याला बरोबर म्हणतोय याची तिला सवय नव्हती.

"सगळं बरोबर आहे," तो पुन्हा म्हणाला, आणि मांसाचा एक ओबडधोबड तुकडा तिच्या बशीत ठेवला.

*

रसेलला हे जेवण उरकेपर्यंत काही सांगायचं नव्हतं. निदान क्रम्बलपर्यंत तरी नाही. इथे यायला निघाला, तेव्हा गाडीतच काउंटीच्या माणसाचा फोन आला होता. तो माणूस सभ्य आहे. रविवारी त्रास दिल्याबद्दल तो दोनदा माफी मागतो आणि मग तुमचं घर पाडतो.

"सकाळपासून मला तुमच्या गावातून फोन येत आहेत," तो म्हणाला होता. "म्हणजे, मला नीट समजलं असेल तर, तक्रार अशी आहे की लोकांनी पुस्तकांत काढलेली चित्रं कोणीतरी पुसली?"

रसेल हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

"आणि ही चित्रं आपल्या पगारी कर्मचाऱ्याला माहीत होती? वर्षानुवर्षं?"

ज्या गोष्टीमुळे गावाला वाटत होतं की पगारी माणूसच हवा, त्याच गोष्टीमुळे काउंटीला वाटत होतं की असल्या पगारी माणसाशिवाय चालेल. वर हॅसलबीचंही त्या माणसाने सांगून टाकलं. शुक्रवारीच ठरलं होतं, जाहीर अजून व्हायचं होतं.

आता सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण त्याची सुरी मांसात अर्ध्यावरच थांबली होती.

"हॅसलबी बंद होतंय," तो म्हणाला.

"काय बंद होतंय?" लिनेटने विचारलं.

"लायब्ररी. नाताळाच्या आधी. त्या पगारी बाईला नोटीस गेली. अडून बसल्याने काही झालं नाही, लिनेट. त्यांनी फक्त वेळ काढला. आणि आपल्याकडे उद्या संध्याकाळपर्यंत पुरेशी नावं आली नाहीत तर ते इमारत विकायला काढणार. फ्लॅट होतील. वरच्या मजल्यावर दोन, खाली दोन. नकाशा तयार आहे, मी पाहिलाय."

"तू पाहिलायस," लिनेट म्हणाली.

"मी कौन्सिलवर आहे. मला दाखवतात."

"छान आहेत का फ्लॅट?"

रसेलला बहिणीला रडवायचं नव्हतं. लहानपणी तिने त्याला त्याच इमारतीत, त्याच खिडकीखाली वाचायला शिकवलं होतं, आणि आज त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. त्याने मांसाबरोबरचं यॉर्कशायर पुडिंग घेतलं आणि ग्रेव्ही कुठे आहे विचारलं.

"अजून व्हायचीय," डोरीन म्हणाली.

"मी करते," बेव्हर्ली म्हणाली, आणि जवळजवळ पळालीच.

*

स्वयंपाकघरात बेव्हर्लीने भांड्यातल्या चरबीत पीठ टाकलं आणि ढवळायला लागली. डोरीनकडे ग्रेव्हीत गुठळी चालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तिच्या ग्रेव्हीत गुठळ्या झाल्या होत्या, आणि तो विषय या घरात अजून निघतो.

ती चिडली होती आणि तिला लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकदम वाटलं की ती जोरात ढवळते. आयुष्यात पहिल्यांदा तिने या गावासाठी काही करायला घेतलं होतं. लायब्ररी वाचावी एवढंच तिला वाटत होतं. लिनेटची नोकरी घ्यायची म्हणून नाही. ती तर जाणारच होती, रसेलने पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. मग निदान दार तरी उघडं राहावं. यात पाप काय होतं?

मांजर पुसताना तिला एकदा वाटलंही होतं की विचारावं. मिश्या इतक्या नेटक्या होत्या. लिनेट तिथेच बसली होती टेबलाशी, काउंटीने तिला नुसतं बघायला सांगितलं होतं म्हणून हातावर हात ठेवून. बेव्हर्लीने तिच्याकडे पाहिलंही होतं. मग तिचं खोडरबर झिजून संपलं. आणि मग...

चमचा थांबला.

मग लिनेटने टेबलाचा खण उघडला होता. त्यातून एक कोरं, पांढरं, कागद न काढलेलं खोडरबर काढलं होतं आणि म्हटलं होतं, "हे घे, याने डाग पडत नाही."

बेव्हर्ली तशीच उभी राहिली. ग्रेव्हीला गुठळी धरली आणि तिने ती धरू दिली. मग भांडं उचलून ती बाहेर आली, टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि बसली नाही.

"लिनेट, तू मला खोडरबर दिलंस."

कोणाला काही कळलं नाही.

"काल. माझं संपलं, तर तू खणातून नवीन काढून दिलंस. तुला माहीत होतं त्या खुणा कोणाच्या आहेत. इतकी वर्षं तू ती पुस्तकं लावतेस. कोणाचं मांजर, कोणाची किटली, सगळं तुला पाठ आहे. आणि तू मला म्हणालीस, याने डाग पडत नाही."

सिरिलने काटा खाली ठेवला. "लिनेट?"

लिनेटच्या गालांवरची लाली तशीच होती, पण आता ती वेगळी दिसत होती. "हो," ती म्हणाली. "दिलं."

"का?" रसेलने विचारलं.

"का म्हणजे? तीन महिने मी सगळ्यांना सांगतेय की हे काम कोणीही उठून करू शकत नाही. सगळे मान डोलावतात आणि घरी जातात. मग समोर दिसलं की बेव्हर्ली तेच सिद्ध करायला निघालीय, माझ्या डोळ्यांदेखत, फुकटात. मी अडवायचं कशाला?"

"माझ्या दारात फुटकी किटली आणून ठेवली गं," बेव्हर्ली म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला सकाळपासून कोणी गुड मॉर्निंग म्हटलं नाही. तुझ्या लग्नात मी साडेतीन तास तुझे केस करून दिले होते."

"तू केस केलेस म्हणून मी नोकरी सोडू?"

"सोडू नकोस. पण मला खड्ड्यात ढकलायचं तर निदान खोडरबर माझं मला विकत आणू द्यायचंस."

सिरिल कोणाच्या बाजूने बोलावं या विचारात पडला. सकाळपासून तो लिनेटच्या बाजूने होता. आता त्याच्या लक्षात आलं की आपले त्रिकोण पुसले गेले ते तिच्या संमतीने. त्याने काउबॉयचं पुस्तक उचललं आणि आपल्या मांडीवर, टेबलाखाली घेतलं.

*

डोरीनने ग्रेव्ही घेतली, गुठळी दिसली, ती चमच्याने बाजूला केली.

"सगळी कपाटं?" तिने विचारलं.

बेव्हर्लीला वाटलं आपल्याला विचारलं. "हो. म्हणजे कादंबऱ्यांची सगळी."

"खिडकीखालचं पण? बोटींचं?"

लिनेट खाली बघत होती, आणि तिचं ते खाली बघणं डोरीनला पुरेसं होतं.

नॉर्मनने आयुष्यभर बस चालवली, थॉर्नशॉ ते हॅसलबी आणि परत. समुद्र त्याने सुट्टीत पाहिला तेवढाच, तोही पावसात. पण वाचायचा ते फक्त बोटींचं. वादळं, बंडखोर खलाशी, बुडणारी जहाजं. त्याची खूण होती नांगर. तो गेल्यावर डोरीनने त्याचे कपडे वाटून टाकले, गाडी विकली, त्याच्या चपलासुद्धा ठेवल्या नाहीत. सगळे म्हणाले, डोरीन खंबीर आहे. मग एके दिवशी ती त्या खिडकीखालच्या कपाटाशी गेली आणि पहिल्या टोकापासून सुरू झाली. पुस्तक काढायचं, घराच्या नंबराचं पान उघडायचं. नांगर असला तर पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं, आणि नांगराशेजारी आपलं छोटंसं वर्तुळ काढायचं. दोघांचं घर एक, म्हणून पानही एकच. बोटींचं तिला एक अक्षर आवडायचं नाही. दोर कुठला आणि शीड कुठलं तेही कळायचं नाही. पण नॉर्मन इथून गेलाय, हे पान त्याने उलटलंय, इथे तो थांबला असेल, असं वाचताना तिला कळायचं. अर्धं कपाट झालं होतं. उरलेलं अर्धं तिला बरीच वर्षं पुरलं असतं.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. एकट्या लिनेटला ठाऊक होतं, कारण ती पुस्तकं परत यायची ती तिच्याच हातात.

"आई," लिनेट म्हणाली, "ते कपाट मी वगळायला सांगणार होते. सुरुवातीलाच मनात आलं होतं. ऑड्री आधी तिथे पोचली."

"तू कुठे होतीस?"

"टेबलाशी."

"टेबलापासून ते कपाट किती लांब आहे?"

"एक शब्द बोलले असते तर थांबली असती. पण मग का थांबायचं ते सांगावं लागलं असतं. सगळंच थांबलं असतं."

"म्हणजे तू बघत होतीस."

"हो."

रसेलला यातलं काही समजत नव्हतं. "कसलं कपाट? बाबांची पुस्तकं होती का ती?" त्याने विचारलं, आणि बेव्हर्लीने खाली बसत टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तिला समजलं होतं. तिने काल खोडरबर धरलेला आपला हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली लपवला.

"डोरीन, मला माहीत असतं तर..." ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं," डोरीन म्हणाली. "तू गप्प बस. तुझी ग्रेव्ही वाईट झालीय, पण तुझी चूक तेवढीच."

मग ती बराच वेळ जेवत राहिली. बाकीच्यांनीही जेवायचं नाटक केलं. डोरीनला राग आला होता, आणि रागाइतकीच लिनेटची कीवही आली होती, आणि म्हणून तिला आणखी राग आला. बुडणारं माणूस हाताला लागेल ते ओढतं हे तिला आता त्या बोटींच्या पुस्तकांतूनच माहीत झालं होतं. तरीही आपलं पोर आपल्याला ओढेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बेव्हर्ली," ती बशी पुढे सारत म्हणाली. "तुला कुठल्या वारी माणसं कमी पडतायत?"



"मंगळवारी," बेव्हर्ली चाचरत म्हणाली. "आणि गुरुवारी. म्हणजे तसं तर सगळ्याच वारी."

"मंगळवारी मला लाव. गुरुवारी सिरिलला."

"मला?" सिरिल म्हणाला.

"तुला. ओव्हनजवळ बसून पाय भाजण्यापेक्षा तिथे बस, तिथेही हीटर आहे. संध्याकाळी चॅपलमध्ये मी बाकीच्यांना सांगते. उद्या दुपारपर्यंत रसेल, तुझ्या त्या काउंटीच्या माणसाला हवी तेवढी नावं मिळतील. आणि ऑड्री क्लेग फक्त बागकामाच्या पुस्तकांशी बसेल. त्यात लपवण्यासारखं काही नसतं."

रसेलने सुस्कारा सोडला. त्याला हेच हवं होतं, वसंतापासून, आणि आता मिळालं तर ते खाली ठेवायला जागा सापडेना. त्याने बहिणीकडे पाहिलं.

लिनेट पांढरी पडली होती. "तू म्हणाली होतीस, माझ्या खुर्चीत बसायची नाहीस. कसायाकडे म्हणालीस. सगळ्यांसमोर."

"म्हणाले होते."

"तू हो म्हटलंस की सगळ्या म्हणतील. मग माझं संपलं, आई. उद्याच संपलं."

"हॅसलबीचं ऐकलंस ना तू. तुझं संपलेलंच होतं. मी उगाच कसायाकडे बोंबलत होते."

"ही शिक्षा आहे का?"

डोरीनने खरोखरच विचार केला. ती खोटं बोलत नाही, निदान रविवारी तरी नाही.

"थोडी," ती म्हणाली. "बाकीचं लायब्ररीसाठी आहे. खुणा राहू द्यायच्या असतात हे ज्याला माहीत आहे असं कोणीतरी तिथे हवं. तुला माहीत होतं, पण तू पुसू दिल्यास."

लिनेट रडेल असं बेव्हर्लीला वाटलं, आणि तिने कागदी रुमाल पुढे सरकवला. लिनेटने तो घेतला आणि त्याने टेबलावर सांडलेली ग्रेव्ही पुसली. मग ती त्या रुमालाच्या घड्या घालत बसली.

"मंगळवारी क्रेट येतात," ती शेवटी म्हणाली.

"कसले?"

"पुस्तकांचे. काउंटीच्या गाडीतून. ड्रायव्हर दारात ठेवून जातो, आत आणत नाही. जड असतात. तू वाकून उचलशील आणि तुझी कंबर जाईल."

"मग कसं उचलायचं?"

लिनेटने आईकडे पाहिलं. मग ती उठली, शेकोटीजवळचं पाय ठेवायचं लाकडी स्टूल सगळ्यांच्या मध्ये आणून ठेवलं आणि त्याच्यापुढे उभी राहिली. पाठ ताठ ठेवून ती गुडघ्यांत वाकली, दोन्ही हातांनी स्टूल अंगाशी धरलं आणि सावकाश वर आली. पुन्हा खाली ठेवलं. बाजूला झाली.

डोरीन खुर्चीचा आधार घेत उठली. स्टुलापाशी गेली, गुडघे वाकवले, त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. लिनेटने तिच्या पाठीवर हात ठेवून ती सरळ केली.

"असं?"

"असं," लिनेट म्हणाली. "आणि एका वेळी एकच."